रंभेच्या विगला माझ्या पिना

मालिकेतली सासू रागाने मान झटकते आणि तिचा अंबाडा जागचा हलत नाही, याचं श्रेय तुम्ही कधी कुणाला दिलंय का? नाहीच दिलेलं. ते माझं. सासूला बक्षीस मिळतं, लिहिणाऱ्याला मिळतं, सुनेला तर दरवर्षी मिळतं. अंबाड्याला अजून कुणी शाल-श्रीफळ दिलेलं ऐकिवात नाही.

मी हेअर ड्रेसर. सेटवर सगळे 'हेअर ताई' म्हणतात. सुनंदा हे नाव फक्त घाटकोपरच्या घरी वापरात आहे. अंधेरीच्या स्टुडिओंत माझा उभा जन्म गेला. आमच्या धंद्यात हद्दी कडक असतात बरं का. चेहरा मेकअप दादाचा, कपडे ड्रेस दादाचे आणि केस माझे. कपाळावर जिथे केस सुरू होतात तिथे मेकअप दादाचं राज्य संपलं. त्याने पफ मारता मारता एक बट जरी सारखी केली, तरी मी कडाकडा भांडणार. मीही कुणाची वाकडी टिकली सरळ करायला जात नाही. दिसत असते वाकडी, हात शिवशिवतो, पण नाही.

बाहेरच्यांना वाटतं, केस काय, विंचरले की झालं. अहो, सकाळी देवळाच्या पायरीवर अर्धा प्रसंग घेतलेला असतो आणि उरलेला अर्धा चार दिवसांनी. मधल्या काळात हिरॉइन तेल लावून, धुऊन, कापूनसुद्धा येते! आणि पडद्यावर तर ती पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाय ठेवत असते. बट उजव्या कानावर होती की डाव्या, वेणीचा पेड आत वळला होता की बाहेर, सगळं तसंच्या तसं पाहिजे. त्यामुळे आमच्या जातीला एक रोग जडतो. सैल पिन दिसली की जेवण जात नाही. लग्नाला गेले तरी मी नवरीच्या खोप्याकडे बघत बसते. एकदा तर मंगलाष्टकं चालू असताना मागून जाऊन पिन खोचून आले. नवरीला पत्ता नाही.

पत्ता नाही, हेच माझं खरं भांडवल. माझा हात हलका आहे. हे मी नाही सांगत, अख्खी अंधेरी सांगते. एक जुने नट होते, टक्कल पडलेलं कुणाला दिसू नये म्हणून त्यांचा आटापिटा. विग लावायला मलाच बोलवायचे आणि वर अट, "ताई, डोळे मिटून लावा." मी मिटायचे. नुसत्या बोटांनी लावायचे. ते खुर्चीत घोरायला लागायचे आणि जागे झाले की विचारायचे, "सुरुवात कधी करताय?" केव्हाच झालेलं असायचं! असा हात देवाने दिला याचा मला गर्व होता, आणि अजूनही आहे. लपवून काय करू?

तर गुडघे बोलायला लागले म्हणून मी काम थांबवून घरी बसले होते, तेव्हा एका प्रॉडक्शनच्या मुलीचा फोन आला. "ताई, ड्रॅग क्वीन्सची स्पर्धा आहे. नव्या सीझनचा पहिला एपिसोड शूट होतोय, विग खूप आहेत. याल का प्लीज?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्रॅग क्वीन म्हणजे स्त्रीचा भरजरी साज करून रंगमंचावर येणारे कलाकार, बहुतेक पुरुषच. साज म्हणजे साधासुधा नव्हे. पापण्या हातभर, केस टोपलीएवढे, टाचा अशा की मला बघूनच चक्कर यावी. गाणं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं असतं, त्यावर हे ओठ हलवतात, नाचतात, अभिनय करतात. प्रत्येकीचं एक ठेवणीतलं नाव असतं. साज अंगावर असेपर्यंत 'ती' म्हणायचं, उतरला की ज्याला जे आवडेल ते. दर भागात एक जण घरी जातो.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, असल्या ठिकाणी जाणार तू?" मी म्हटलं, "वहिनी, केसांना काय कळतंय ते कुणाच्या डोक्यावर आहेत!" शिवाय मी कोकणातली. आमच्या गावच्या दशावतारात सख्खा मामा लुगडं नेसून राणी व्हायचा आणि ती राणी वनवासाला निघाली की माझी मामीच आधी डोळ्यांना पदर लावायची. मला कसलं आलंय नवल!

सेट साकीनाक्याला होता, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. बाहेर शेजारच्या गाळ्यांतून लेथ मशीनची खरखर, आत झुंबरं आणि सोनेरी जिना. मी माझी पेटी उघडली, कंगवे मांडले आणि वाट बघत बसले. कुणी येईचना! मग कळलं की इथला रिवाज वेगळा. ड्रॅग क्वीन आपला साज आपणच करते. चेहरा, केस, सगळं. दुसऱ्याच्या हातचं सजून आलं तर ती क्वीन कसली? मी फक्त नडीअडचणीला, जादाचे विग विंचरायला, विग चिकटवायचा गम संपला तर द्यायला. मनातून खट्टू झाले हो. घरी बसलेलीला उठवून बोलावलं ते चहा प्यायला का? दशावतारातही मंडळी आपापली पेटी उघडून आपलं आपण रंगतात हे आठवलं, म्हणून जरा थंड झाले. पण बोटं ऐकेनात.

तिथे मला नीलेश भेटला. कांजूरमार्गचा मुलगा, मूळचा मालवणकडचा. कुरियरच्या ऑफिसात होता, या स्पर्धेसाठी रजा देईनात म्हणून नोकरी सोडून आला होता. रंगमंचावरचं नाव, रंभा कांजूरकर. मला नावच इतकं आवडलं की मी त्याचे दोन विग न सांगता विंचरून ठेवले. तो खूश होऊन माझ्यापाशी येऊन बसला.

"ताई, पहिल्याच भागात घरी गेलो तर माझी वाट लागली."

"नोकरी काय रे, दुसरी मिळेल."

"नोकरीचं नाही ओ. आईचं." तो विगच्या जाळीशी चाळा करत बोलत होता. "आईने हे कधी बघितलंच नाही. नावही काढू द्यायची नाही. आता टीव्हीवर येणार म्हटल्यावर खूप भांडलो आम्ही. शेवटी म्हणाली, एकदाच बघेन. पहिला भाग. त्यानंतर मला दाखवायचं नाही आणि सांगायचंही नाही. म्हणजे मला एकच चान्स आहे ना. आणि त्यातच बाहेर पडलो तर तिला काय दिसणार? हरलेला मुलगा, वर लिपस्टिक लावलेला."

मी काहीतरी बोलले, "होईल रे झकास," वगैरे. एरवी आमच्या मालिका लोक वर्षानुवर्षं बघतात, अर्ध्या वेळा स्वयंपाक करता करता. याला प्रेक्षक एकच, आणि तोही एकदाच बसणार.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष स्पर्धेचं शूटिंग. परीक्षक समोर बसलेले, मागे बघायला आलेली गर्दी. इथे रीटेक नाही, हे मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. एकदा गाणं सुरू झालं की संपेपर्यंत कॅमेरे चालू, पडलीस तरी पडलीस. आमच्या मालिकेत शिंक आली तरी रीटेक असतो. मला ते ऐकूनच घाम फुटला.

रंभा तिसरी होती. पडद्याआड उभी होती तेव्हा मी तिला पहिल्यांदा पूर्ण साजात बघितलं. अहाहा! टिकल्यांचा मोठ्ठा घेरदार गाऊन, आणि डोक्यावर सोनेरी केसांचा डोंगर, परदेशी राणीसारखा. नीलेश कुठे गेला तेच कळेना. मी डोळे भरून बघत होते आणि तेवढ्यात तिने टाच सारखी करायला मान खाली घातली.

मानेजवळ विग उचलला गेला. चांगला बोटभर.

पोरीने पिनाच मारल्या नाहीत की काय! ही आता नाचणार, गिरक्या घेणार, आणि विग जाऊन पडणार परीक्षकांच्या मांडीत. आई बघणार! बोलायला वेळ नव्हता, फ्लोअरवरचा मुलगा हाताने थांबा-थांबा करत होता, स्पीकर दणदणत होते. मी मागून गेले आणि पिना मारल्या. कानांमागे, मानेवर, एकमेकींत अडकवून, खोलवर, जशा घोड्यावर बसणाऱ्या हिरॉइनला मारते तशा. रंभा ओठांतल्या ओठांत गाणं म्हणत समोर बघत होती. तिला कळलंसुद्धा नाही. पडदा सरकला आणि ती गेली.

मी ताठ मानेने परत आले. वाटलं, चला, चहाचे पैसे वसूल केले.

ड्रेस दादा शेजारी उभा होता. आमचा बाळा, जुना माणूस, माझ्याबरोबर किती मालिका केल्यात त्याने. मी म्हटलं, "बाळा, वाचवलं रे पोरीला. विग सुटलाच होता."

बाळाचा चेहरा पडला. "ताई, हात नाही ना लावलात?"

"मग काय सोडून देऊ?"

"अहो ताई, तो सुटाच ठेवायचा होता! ती तो उडवणार आहे. गाऊन पण मी नुसता चिकटपट्टीवर शिवलाय. आधी गाऊन निघतो, मग विग. आतून दुसरीच बाई बाहेर येते. तोच तर तिचा सगळा ॲक्ट आहे!"

हे असं असतं होय! या लोकांत ही मोठी कसरत मानतात. अंगावरचा एक साज एका झटक्यात फेकून आत दडवलेला दुसरा दाखवायचा. आणि कुणाला आधी सांगायचं नाही. बाळाला कपडे शिवायचे म्हणून ठाऊक. मला कोण सांगणार? माझं तिथे कामच काय होतं?

"आत काय आहे?" मी विचारलं.

"साधी सुती साडी. आणि अंबाडा. आईसारखा."

मी कपाळावर हात मारला. कारण माझ्या पिना नुसत्या वरच्या विगमध्ये नव्हत्या. त्या मी खोलवर मारल्या होत्या. म्हणजे आतल्या अंबाड्यातही. आता ओढला तर एक तर निघणार नाही, नाही तर दोन्ही मिळून निघतील. मी देवाला हाक मारली. कुठल्या, ते आठवत नाही.

मंचावर रंभा सोनेरी जिना उतरली. काय चालली! काय नजर! गर्दी शिट्ट्या मारत होती. मग तालाच्या ठोक्यावर गाऊन सुटला, लांब जाऊन पडला, आणि आत खरंच फिकट हिरवी सुती साडी, खांद्यावरून घेतलेला पदर, हातात काचेच्या बांगड्या. वर मात्र तो सोन्याचा डोंगर. पुढच्या ठोक्याला तिने विगला हात घातला आणि ओढला.

ढिम्म.

पुन्हा ओढला. मान हिसकली, विग नाही. साडीतल्या बाईच्या डोक्यावर सोनेरी केस, आणि ती ते उपटतेय. गर्दीत कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. एक परीक्षक कागदावर लिहायला लागल्या. बाळाने माझा दंड घट्ट धरला. मला ओरडावंसं वाटत होतं, कानामागे बघ, कानामागे! पण कॅमेरे चालू. मी पदर तोंडात कोंबला.

रंभेचा हात मानेवर गेला आणि थांबला. पिन लागली असणार बोटांना. तिने एकदा आमच्या बाजूला बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं.

आणि ती खाली बसली.

गाणं धडाधड चालू होतं आणि ही मंचाच्या मधोमध, एक पाय दुमडून, एक गुडघा उभा करून बसली. दिवसभर कामावरून आलेली बाई दारात टेकते ना, तशी. दोन्ही हात मागे नेले आणि पहिली पिन काढली. ती ठेवणार कुठे? दातांत धरली. दुसरी काढली, दातांत धरली. गाण्यावर ओठ हलवायचे हा तर या स्पर्धेचा पाया, आणि हिच्या दातांत पिना! ओठ बंद. गाणं आपलं एकटंच ओरडत राहिलं. हसणारे गप्प झाले.

मी कोपऱ्यात उभी राहून पुटपुटत होते, "मानेवरची झाली... उजव्या कानामागची झाली... बाई गं, डावी राहिली, डावी." जणू तिला ऐकू जाणार होतं. तिची बोटं डावीकडे गेली, अडखळली, तिथे मी दोन पिना एकमेकींत गुंतवल्या होत्या. तिने डोळे मिटले, खांदा जरा तिरका केला आणि हळूच वळवून काढली. तुम्हाला सांगते, मी इतक्या वर्षांत इतक्या डोक्यांत पिना मारल्या, पण पिना काढणं एवढं सुंदर दिसतं हे मला कधी कळलं नव्हतं.

मग तिने सोनेरी विग दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, कामावरची पिशवी ठेवावी तसा. खाली काळाभोर अंबाडा, त्यात अबोलीची वेणी. तिने पदराने मान पुसली आणि पहिल्यांदा हसली. गाणं संपलं.

अख्खी शेड उभी राहिली. बाळा रडत होता, मीही रडत होते, आणि ज्या परीक्षक बाई लिहीत होत्या त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "हे सुचलं कसं तुला?" रंभेने दातांतल्या पिना काढून तळहातावर घेतल्या आणि म्हणाली, "आमच्या हेअर ताईंची कृपा."

टीव्हीवर ते वाक्य कापलं. चालायचंच! आमच्या खात्याचं नाव शेवटी इतक्या वेगाने पळतं की माझ्या सख्ख्या मुलालाही वाचता येत नाही.

रंभा राहिली. दुसरीच कोणी घरी गेली. मी साज उतरवायच्या खोलीत गेले, तोंड एवढंसं करून. कानाला हात लावले, म्हटलं, "नीलेश, मार मला." तर तो डोळे मोठे करून म्हणतो, "ताई, मारल्या कधी? मला कळलंच नाही यार! कसला हात आहे तुमचा!" त्यावर हसावं की रडावं ते कळेना. दोन्ही केलं.

मग त्याने हात धरला. "ताई, पहिला भाग लागेल तेव्हा आमच्याकडे याल? आई आणि मी दोघंच असू. मला भीती वाटते."

नाही कसं म्हणणार? गेले. कांजूरमार्गला जुन्या चाळीतली खोली, पण काय लख्ख ठेवलेली! त्याची आई पोळी-भाजी केंद्रात काम करते. हडकुळी, ताठ, कमी बोलणारी बाई. "ताईनू, च्या घेवा," म्हणाली, समोर बशीत गोड मालवणी खाजं ठेवलं आणि टीव्हीसमोर बसली. मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. नीलेश दाराला टेकून उभा, पळायची तयारी असल्यासारखा.

कार्यक्रम सुरू झाला. पहिली आली, दुसरी आली. आईचा चेहरा पाटीसारखा कोरा. जाहिराती लागल्या की उठून ओटा पुसायची, जो आधीच पुसलेला होता. मग रंभा आली. गाऊन पडला. आई जराशी पुढे सरकली. टीव्हीतले लोक हसायला लागले तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडली. "हसतत कित्याक?" एवढंच म्हणाली. आणि रंभा खाली बसली, पहिली पिन दातांत धरली, तेव्हा आईचा हात आपसूक स्वतःच्या मानेमागे गेला. तिथेच राहिला. शेवटपर्यंत.

भाग संपला. तिने टीव्ही बंद केला. नीलेश दाराची कडी धरून उभा होता. मला वाटलं, मीच काहीतरी बोलावं. पण सेटवर आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं की कधी मध्ये जायचं नसतं. म्हणजे, उशिरा का होईना, कळलं होतं.

"माझो अंबाडो येवढो वर नसता," आई म्हणाली.

नीलेश दारातून पुढे आला. "काय गे?"

"तुझो वर बांधलेलो होतो. माझो हय असता." तिने मान वळवून पाठ त्याच्याकडे केली आणि बोटाने दाखवलं. "बघून घी नीट. आणि फुडच्या टायमाक माका इचार."